मृतांची नावे आणि धर्मग्रामाचे दफ्तर

इतिहासाच्या साधनांत राजांची फर्माने, सरदारांच्या सनदा, लढायांच्या बखरी आणि महसुलाचे हिशेब यांची गणना आपण नेहमी करतो. परंतु ज्यांच्या नावे ना कधी सनद निघाली ना वतन लागले, ज्यांनी जन्मभर शेत कसले, मेंढरे राखली, लोकर कातली आणि एके दिवशी डोळे मिटले, अशा सामान्य माणसांची नावे चार-चार, पाच-पाचशे वर्षे टिकून राहावीत याला कारण काय घडले असेल, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. युरोपातील पुष्कळ खेड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अगदी सरळ आहे. त्या माणसांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावयाची होती, ती नाव उच्चारून करावयाची होती, आणि म्हणून ती नावे कोणीतरी लिहून ठेवली. कॅथलिक धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या छायेखाली नांदणाऱ्या वस्तीचा इतिहास लिहावयास बसलेल्या संशोधकाच्या हाती जी कागदपत्रे पडतात, त्यांतील फार मोठा भाग या एका श्रद्धेपोटी निर्माण झालेला आहे.

ही श्रद्धा थोडक्यात अशी, की देवाच्या कृपेत मरण पावलेला, परंतु ज्याच्या अंतःकरणावरील दोषांचे डाग पुरते धुऊन निघाले नाहीत, असा आत्मा शुद्धिस्थानात निर्मळ होत असतो. त्याला स्वतःला आता पुण्य जोडता येत नाही. पण पृथ्वीवरील माणसांनी केलेली प्रार्थना, दिलेली भिक्षा आणि विशेषेकरून त्याच्या नावे अर्पण केलेली मिस्सा, म्हणजे वेदीवरील उपासना, त्याच्या उपयोगी पडते. या शिकवणीला परिषदांचे शब्दरूप मिळाले ते पुष्कळ उशिरा, 1274 मध्ये लियाँ येथे, 1439 मध्ये फ्लॉरेन्स येथे आणि अखेर 1563 मध्ये ट्रेंट येथे. आचार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे, आणि माझ्या मते या विषयात आचारच आधी पाहावा. कारण पंडितांनी सिद्धांत मांडण्यापूर्वी शेकडो वर्षे लोक आपल्या मेलेल्यांसाठी हात जोडीत होते.

मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, जो कॅथलिक पंथ पवित्र शास्त्रात धरतो आणि प्रॉटेस्टंट पंथ धरीत नाही, एक प्रसंग आहे. रणांगणावर पडलेल्या ज्यू सैनिकांना पुरण्यासाठी यहूदा मक्काबी आपल्या लोकांसह गेला असता त्या मृतांच्या अंगरख्यांखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडले. तेव्हा त्याने मृतांची निर्भर्त्सना न करता सैन्यातून वर्गणी गोळा केली आणि त्यांच्या पापाबद्दल बली अर्पण व्हावा म्हणून ती रक्कम यरुशलेमला धाडली. ख्रिस्ती काळातील पहिले पुरावे दगडांवर आहेत. फ्रिजियातील हिएरोपोलिस नगराचा बिशप आबेर्किउस याने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात जिवंतपणीच आपला मृत्युलेख कोरवून घेतला आणि त्यात, ज्याला या मजकुराचा अर्थ कळेल त्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनंती घातली. इसवी सन 203 मध्ये कार्थेज येथे हौतात्म्य पत्करलेल्या पर्पेतुआ या तरुण स्त्रीने तुरुंगात लिहिलेली रोजनिशी तर आजही वाचकाला अस्वस्थ करते. चेहऱ्याच्या दुर्धर रोगाने सातव्या वर्षी वारलेला तिचा भाऊ दिनोक्रातेस तिला स्वप्नात दिसतो. तो तहानेने व्याकूळ आहे, समोर पाण्याचा हौद आहे, पण हौदाचा काठ त्याच्या उंचीपेक्षा वर आहे. ती रात्रंदिवस त्याच्यासाठी प्रार्थना करते, आणि पुन्हा जेव्हा तो दिसतो तेव्हा काठ खाली आलेला असून पोर पाणी पिऊन खेळावयास जात असते. या मजकुरात ईश्वरविद्येचा कसलाही युक्तिवाद नाही. एका बहिणीला आपला भाऊ तहानलेला राहिलेला सोसवत नाही, एवढेच त्यात आहे.

संत ऑगस्टीनची माता मोनिका 387 मध्ये, आफ्रिकेकडे परतीच्या वाटेवर असताना, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात वारली. मायदेशी पतीशेजारी आपली कबर असावी अशी तिची पूर्वीची फार इच्छा होती. पण अंतकाळी तिने ती सोडली आणि मुलांना इतकेच सांगितले, की हे शरीर कोठेही ठेवा, मात्र तुम्ही जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात ऑगस्टीनने हा प्रसंग लिहिला असून वाचकांनीही त्याच्या मातापित्यांचे वेदीपाशी स्मरण करावे, असे विनवून तो भाग संपविला आहे. योगायोग असा, की तिच्या कबरीवरील शिलालेखाचा एक तुकडा 1945 मध्ये ऑस्तिया येथे जमीन खणताना अवचित हाती आला. त्यानंतरचा टप्पा पोप ग्रेगरी यांचा. सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या संवादांत त्यांनी युस्तुस नामक मठवासीयाची हकीकत दिली आहे: तीन सुवर्णमुद्रा गुपचूप साठविल्याबद्दल त्याला मरतेसमयी कठोर शिक्षा झाली, पण पुढे ग्रेगरींना त्याची करुणा आली आणि त्यांनी ओळीने तीस दिवस त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास सांगितले. ओळीने तीस मिस्सांची प्रथा या हकीकतीवरून पडली आणि ती अद्याप चालू आहे.

येथपर्यंत नाते होते ते बहीणभावाचे, मायलेकरांचे किंवा मठातील बंधूंचे. नावांच्या याद्या करण्याचा व्याप वाढला तो आठव्या-नवव्या शतकांत, आणि तो मठांनी वाढविला. मठामठांत करार होऊ लागले, की तुमचा बंधू वारला तर आम्ही इतक्या मिस्सा म्हणू आणि आमचा वारला तर तुम्ही इतक्या म्हणाव्यात. 762 मध्ये आतिन्यी येथे जमलेल्या फ्रँक मुलखातील बिशपांनी आणि मठाधिपतींनी असाच परस्परांचा करार केला होता. अशा करारांची नावे वेदीवर ठेवलेल्या ग्रंथांत लिहिली जात. कॉन्स्टन्स सरोवरातील रायखेनाउ बेटावरच्या मठाचा ग्रंथ 824 च्या सुमारास सुरू झाला आणि त्यात सुमारे 38,000 नावे आहेत. इंग्लंडातील डरहॅमच्या ग्रंथातील प्रारंभीची नावे सोन्यारुप्याच्या शाईने लिहिलेली आहेत. मठाधिपती वारला म्हणजे चर्मपत्राची गुंडाळी घेऊन दूत निघे, मठामागून मठ पायी तुडवी, आणि प्रत्येक ठिकाणी तेथील मंडळी त्या गुंडाळीवर आपल्या प्रार्थनेचे अभिवचन लिहीत व सोबत आपल्याकडील मृतांची नावेही घालीत. साविन्यीचा मठाधिपती विताल 1122 मध्ये वारल्यावर फिरलेली गुंडाळी आजवर राखलेली आहे.

पण या याद्यांत ज्याचे नाव घालावयास कोणीच नाही त्याचे काय? क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत केव्हातरी आपल्या ताब्यातील सर्व मठांना आज्ञा केली, की सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 2 नोव्हेंबरला, जगाच्या आरंभापासून मरण पावलेल्या सर्व श्रद्धावंतांसाठी प्रार्थना व्हावी आणि त्या दिवशी गोरगरिबांस अन्न वाटावे. क्लूनीचा अंमल दूरवर असल्यामुळे हा दिवस हळूहळू संपूर्ण पश्चिमी ख्रिस्ती जगताचा झाला. आपल्याकडील वाचकाला येथे पितृपक्षाची आणि त्यातही सर्वपित्री अमावास्येची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती योग्यही आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांना वगळू नये ही कळकळ दोहींकडे आहे. फरक असा, की श्राद्धाचा अधिकार आणि ओढ वंशाच्या धाग्याने चालते, पिता, पितामह, प्रपितामह अशी ती वर चढते. तर धर्मग्रामातील प्रार्थनेचे नाते कुळापुरते राहिले नाही, ते गावाने आपल्या अंगावर घेतले. निपुत्रिक विधवेसाठी, परगावाहून आलेल्या आणि येथे वारलेल्या गड्यासाठी, साथीत ज्यांचे अवघे घर बसले त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची जबाबदारी त्या चर्चमध्ये जमणाऱ्या सर्व माणसांवर पडली.

धर्मग्राम ही संस्था पक्की होण्याचा काळही हाच आहे. शार्लमेनने 779 मध्ये दशांश देणे सक्तीचे केले तेव्हा तो कोणत्या चर्चला द्यावयाचा हे ठरविण्याकरिता गावांच्या हद्दी आखाव्या लागल्या; बाप्तिस्मा देण्याचा आणि मृतांना पुरण्याचा हक्क ज्या चर्चला असे तेच गावचे मुख्य चर्च, असा दंडक पडला; आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे असे फर्मावून हे बंधन अधिक घट्ट केले. दफनभूमी चर्चच्या भिंतीला लागूनच असे. रविवारी मिस्सेला येणारा माणूस आपल्या आजा-पणजांच्या कबरींमधून चालत दाराशी येई. जिवंतांचे गाव आणि मृतांचे गाव यांत एका दाराचे अंतर होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही नीट उमगत नाही.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चाले, हे पाहण्यास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील मोरबाथ या खेड्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. एक्समूरच्या माळरानाच्या कडेला, जेमतेम 33 कुटुंबांचे हे दरिद्री मेंढपाळ खेडे. तेथे ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा धर्मगुरू 1520 मध्ये आला आणि 1574 मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. चार राज्यकर्त्यांचा अंमल आणि धर्माच्या चार उलथापालथी त्याने एकाच चर्चमध्ये राहून पाहिली. गावच्या चर्चचे जमाखर्च तो स्वतःच्या हाताने लिही आणि वर्षातून एकदा गावकऱ्यांपुढे वाचून दाखवी. इतिहासकार ईमन डफी यांनी 2001 मध्ये त्या हिशेबांवर एक पुस्तक लिहून त्या खेड्याला पुन्हा वाचा फोडली.

मोरबाथच्या चर्चमध्ये संतांच्या मूर्तींपुढील दिव्यांसाठी निरनिराळे फंड होते. तरुणांचा एक, कुमारिकांचा एक, संत सिडवेलचा एक. प्रत्येक फंडाची थोडी मेंढरे असत आणि ती गावातील कुटुंबे आपापल्या कळपात पाळून द्यायची. लोकर विकून आलेला पैसा मेणबत्त्यांना जाई. कोणी मरताना एक मेंढी चर्चला ठेवी, कोणी मेणासाठी मधमाश्यांचे पोळे, कोणी आपला झगा किंवा लग्नातील अंगठी. देणगीच्या नोंदीजवळच, या माणसासाठी प्रार्थना करावी अशी सूचना असे, आणि त्याचे नाव मृतांच्या यादीत चढे. ही यादी इंग्लंडच्या बहुतेक धर्मग्रामांत असे. रविवारी व्यासपीठावरून तिचा संक्षेप आणि वर्षातून एकदा संपूर्ण यादी वाचली जाई. अमक्याने दीपदान दिले, तमकीने वेदीचे वस्त्र दिले, असे म्हणत धर्मगुरू एकेक नाव उच्चारी आणि उभे असलेले लोक त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. श्रोत्यांपैकी पुष्कळांना ती माणसे ठाऊक असत. ज्यांना ठाऊक नसत त्यांना त्या वाचनातून ठाऊक होत. गावाचा इतिहास गावाला दरसाल ऐकविला जात असे, आणि तो ऐकविण्याचे निमित्त प्रार्थना हे होते.

ट्रिकीची एक आकांक्षा त्या हिशेबांतून वर्षानुवर्षे डोकावते. मृतांच्या मिस्सेसाठी काळ्या वस्त्रांचा एक चांगला जोड मोरबाथजवळ नव्हता. तो घेता यावा म्हणून त्याने आपल्या लहानसहान प्राप्तीतील वाटा बाजूला टाकला, गावकऱ्यांना विनविले, मेलेल्यांच्या देणग्यांतून थोडे थोडे जमविले. या धडपडीस सुमारे वीस वर्षे लागली. आणि आठवा हेन्री मरून बालराजा सहावा एडवर्ड गादीवर आला त्याच सुमारास, सन 1547 च्या आसपास, ती काळी वस्त्रे गावाच्या हाती आली. त्यानंतर थोड्याच काळात तसल्या मिस्सेलाच राज्यात बंदी झाली. काही कोरडे आकडे असे असतात की ते वाचून मन भरून येते, आणि या वस्त्रांच्या खात्यातील शिलकेचे आकडे त्यांपैकी आहेत.

1547 च्या कायद्याने इंग्लंडातील मृतांच्या प्रार्थनेसाठी लावून दिलेल्या सर्व इनामांवर जप्ती आली. सधन लोक मरताना जमीन वा घर तोडून देत आणि त्याच्या उत्पन्नातून एखाद्या धर्मगुरूने आपल्यासाठी नित्य मिस्सा म्हणावी अशी व्यवस्था करीत. आपल्या देवस्थान-इनामांशी परिचित असलेल्या वाचकाला हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको. अशी दोन हजारांहून अधिक स्थाने होती. तेथील धर्मगुरू पुष्कळदा गावच्या मुलांना लिहावयास-वाचावयास शिकवी, आणि वर्षश्राद्धासारखा जो वार्षिक स्मरणदिन होई त्या दिवशी गरिबांना भाकरी आणि दाम वाटले जात. सरकारचे म्हणणे असे की हा द्रव्याचा अपव्यय असून लोकांच्या मनात खोटी समजूत भरणारा आहे; खजिन्याला स्कॉटलंडवरील स्वाऱ्यांसाठी पैसा हवा होता, हेही तितकेच खरे. ऑक्सफर्डचे 'सर्व आत्म्यांचे महाविद्यालय' मात्र वाचले; 1438 मध्ये त्याची स्थापनाच फ्रान्सच्या युद्धांत पडलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून झाली होती, आणि ते नाव ते आजही धारण करते. 1549 मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या लोकांनी बंड केले तेव्हा दरिद्री मोरबाथने आपल्या खर्चाने पाच तरुण सज्ज करून बंडखोरांच्या छावणीत पाठविले, असा त्या हिशेबांतील नोंदीचा अर्थ डफींनी लावला आहे. 1552 च्या प्रार्थनापुस्तकातून मृतांसाठीची उघड प्रार्थना पार गेली, आणि यादीचे वाचन थांबले.

सुधारकांचा राग अगदी निष्कारण होता असे मात्र कोणी समजू नये. 1476 मध्ये पोप चौथे सिक्स्तुस यांनी पापदंडमाफीची पत्रे मृतांनाही लागू केल्यापासून या व्यवहारात पैशाचा शिरकाव फार वाढला होता. रोमच्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत ही पत्रे ज्या रीतीने खपविली गेली, तिला उत्तर म्हणून मार्टिन ल्यूथरने 1517 च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी आपली पंचाण्णव सूत्रे पुढे मांडली, हे सर्वश्रुत आहे. श्रीमंताला हजार मिस्सा आणि गरिबाला एकही नाही, हा प्रश्न कोणाही सरळ मनाच्या माणसाने विचारावा असाच होता. ट्रेंटच्या परिषदेने 1563 च्या डिसेंबरात शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण त्याच ठरावात बिशपांना बजावले की सामान्य लोकांपुढे यातील सूक्ष्म आणि अवघड वादांचा काथ्याकूट नको, आणि ज्यात द्रव्यलोभाचा वास येतो ते सर्व बंद करा. आजच्या कॅथलिक धर्मविधीच्या संहितेतही मिस्सेच्या अर्पणाबाबत व्यापाराचा भासदेखील होता कामा नये, असे कलम आहे. आणि दर रविवारी व मोठ्या सणांना धर्मगुरूने आपल्या ताब्यातील लोकांसाठी एक मिस्सा अर्पण केलीच पाहिजे, तिच्याबद्दल कोणाकडून काही घेता येत नाही, असेही आहे. हे गरिबाच्या बाजूचे कलम आहे, आणि ते प्रत्येक धर्मगुरूने पाळले पाहिजे असे मला आग्रहाने वाटते.

ट्रेंटनंतर यादीची जागा नोंदवहीने घेतली. बाप्तिस्म्याची आणि विवाहाची वही ठेवण्याची सक्ती त्या परिषदेनेच केली, आणि 1614 मध्ये पोप पाचवे पौल यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात मृतांच्या वहीचा नमुना आला: कोण, कोणत्या वयाचा, कोणाचा पुत्र वा पत्नी, केव्हा वारला, अंतिम संस्कार मिळाले की नाही, कोठे पुरला. इंग्लंडच्या टॉमस क्रॉमवेलने 1538 मध्ये सरकारी हुकमाने जे सुरू केले होते तेच येथे धर्मकृत्य म्हणून आले. आज लोकसंख्येचे अभ्यासक साथींचे, दुष्काळांचे आणि बालमृत्यूंचे मान या वह्यांवरून काढतात. ज्याने ती नोंद केली त्या धर्मगुरूच्या मनात मात्र एवढेच असावे की या जिवाचे शेवटचे कर्तव्य नीट पार पडले.

पोर्तुगीजांबरोबर ही सारी व्यवस्था आपल्या किनाऱ्यावर आली. 1510 मध्ये गोवा आणि 1534 च्या तहाने वसई त्यांच्या हाती आल्यावर जेथे जेथे चर्च उभे राहिले तेथे तेथे मृतांची प्रार्थनाही उभी राहिली. लिस्बनमध्ये 1498 साली स्थापन झालेल्या 'मिझेरिकोर्दिया' या दयासंघाच्या शाखा पूर्वेकडील पोर्तुगीज शहरांत निघाल्या. बेवारशी प्रेतांना माती देणे हे त्या संघाचे एक मुख्य व्रत होते. गोव्याच्या गावोगावी कोंफ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, निघाल्या. त्यांचे सभासद ओपा-मुर्सा हा झगा घालून आजही अंत्ययात्रेत चालतात आणि वारलेल्या सभासदासाठी संघाच्या खर्चाने मिस्सा होते. 1748 मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या ताब्यातील सर्व मुलखांतील धर्मगुरूंना 2 नोव्हेंबरच्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली, तेव्हा ती गोमंतकालाही आपोआप लाभली. उर्वरित कॅथलिक जगाला मात्र ती 1915 पर्यंत मिळाली नाही. त्या वर्षी, युरोपच्या खंदकांत माणसे रोज हजारांनी मरत असता, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती सर्व जगासाठी खुली केली. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, याद्या बंद पडल्या त्याच वर्षांत, म्हणजे 1549 च्या सुमारास जन्मलेला टॉमस स्टीफन्स धर्मासाठी देश सोडून 1579 मध्ये गोव्यास आला, साष्टीतील खेड्यांत त्याने धर्मगुरू म्हणून आयुष्य वेचले आणि 1616 मध्ये मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले, ही गोष्टही या संदर्भात नोंदण्याजोगी आहे. ज्या प्रार्थनेला त्याच्या मायभूमीत बंदी होती ती साष्टीच्या चर्चमध्ये तो उघडपणे म्हणू शकत होता.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चची फरशी अद्याप कबरींच्या शिळांनी भरलेली आहे. जेर्सन दा कुन्हा यांनी 1876 मध्ये चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर ग्रंथ लिहिला तेव्हा तेथील लेख टिपून ठेवले. ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची, असा त्या काळच्या पोर्तुगीज शिळांवरचा ठरावीक मजकूर असतो, आणि पुष्कळदा शेवटी वाटसरूला विनंती असते की त्याने एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणावी. म्हणजे आबेर्किउसने फ्रिजियात जे मागितले होते तेच. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज अंमलदार आणि मठवासी निघून गेले. गावचे श्रद्धावंत गावातच राहिले आणि गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी त्यांचे धर्मग्राम सांभाळले. जे गेले त्यांच्या कबरी किल्ल्यात ओस पडल्या आणि जे राहिले त्यांच्या कबरी पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, निर्मळ येथील चर्चच्या आवारांत नांदत्या राहिल्या. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याची मुळे अशी खोलवर गेलेली आहेत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला वसईच्या कोणत्याही दफनभूमीत जावे. आधीच्या दिवसांत कबरींवरचे गवत काढून माती सारखी केलेली असते, क्रूस धुऊन किंवा रंगवून स्वच्छ केलेले असतात, झेंडूची आणि शेवंतीची फुले घातलेली असतात आणि मेणबत्त्या वाऱ्यापासून आडोशाला लावलेल्या असतात. मिस्सा झाल्यावर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपीत फिरतात आणि प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरीशी उभे राहते. म्हातारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवून सांगतात, की हा तुझा पणजोबा, ही त्याची बहीण, हिचे लग्न झाले नव्हते. वर्षभरही हे स्मरण चालूच असते. सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा, आणि तिच्या आरंभी ज्याच्यासाठी ती अर्पण होत आहे त्याचे नाव मोठ्याने उच्चारणे. मोरबाथच्या व्यासपीठावरून जे बंद पडले ते येथे चालू आहे.

आणि म्हणूनच या धर्मग्रामांतील मृतांच्या वह्यांची काळजी मला वाटते. कोकणपट्टीची दमट हवा, कसर, वाळवी, पावसाळ्यात गळणारी कपाटे आणि लोखंडी शाईने पोखरलेले कागद यांपुढे कोणतीही वही फार दिवस तग धरीत नाही. धर्मविधीच्या संहितेने जुन्या नोंदवह्या जतन करण्याचा भार धर्मगुरूंवर टाकलेला आहे, परंतु एका माणसाच्याने हे काम होणे नाही. चर्चची परवानगी घेऊन त्या वह्यांच्या छायाप्रती काढणे, पोर्तुगीज आणि लॅटिन नोंदींचे वाचन करणाऱ्या जाणत्यांची मदत घेणे, झिजत चाललेल्या शिळांवरील अक्षरे पुसून जाण्यापूर्वी उतरवून ठेवणे, आणि ज्या कबरींवर अक्षरच नाही त्यांच्याबद्दल म्हाताऱ्यांना विचारून नाव, घर आणि नाते लिहून घेणे, ही कामे वसई-गोव्याच्या शिकलेल्या तरुण पिढीला सहज करता येण्यासारखी आहेत. येत्या नोव्हेंबरात दफनभूमीत मेणबत्ती घेऊन जाताना प्रत्येकाने सोबत एक वही आणि पेन्सिल न्यावी, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली नावे त्याच जागी, त्याच वेळी लिहून घ्यावीत.